ग्राफिक्स कार्ड उद्योगातील स्पर्धा व वाद

संगणकाच्या पडद्यावर उमटणारे चित्र तयार करण्यास लागणारी आकडेमोड मुख्य प्रक्रियकावर न टाकता ती स्वतंत्रपणे पार पाडणारे मुद्रित मंडलपत्र म्हणजे ग्राफिक्स कार्ड होय. या पत्रावर बसविलेल्या प्रमुख संकलित मंडलास आलेखिकी प्रक्रियक किंवा आद्याक्षरांवरून ‘जीपीयू’ म्हणतात. त्याच्याभोवती स्मृतिचकत्या, विद्युत् पुरवठा नियंत्रित करणारे घटक व उष्णता काढून टाकणारे पंखे असतात. मुख्य प्रक्रियक थोडी पण गुंतागुंतीची कामे झपाट्याने करतो, तर आलेखिकी प्रक्रियकातील हजारो लहान गणनघटक एकाच प्रकारची सोपी आकडेमोड एकाच वेळी करतात. चित्रातील लक्षावधी बिंदूंचे रंग ठरविण्यास ही रीत सोयीची असते. पुढे असे दिसून आले, की रेडिओ दुर्बिणीचे संकेत जुळविणे, रेणूंच्या हालचालींचे गणित मांडणे, कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रतिमाने घडविणे यांसारख्या कामांनाही तीच रीत उपयोगी पडते. मुलांच्या खेळाचे साधन म्हणून वाढलेल्या या वस्तूच्या व्यापाराकडे शासनांचे व न्यायालयांचे लक्ष का वळले, याचे कारण या दुसऱ्या उपयोगात आहे. [⟶ संगणक, संगणक आलेखिकी].

उद्योगाची घडण : या व्यापारातील बहुतेक तंटे समजण्यासाठी त्याची साखळी लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रक्रियकाचा अभिकल्प करणाऱ्या कंपन्या स्वतः तो घडवीत नाहीत. ते काम मुख्यत्वे तैवानमधील टीएसएमसीसारखे कारखाने करतात. तयार प्रक्रियक विकत घेऊन त्यांपासून कार्ड बनविणाऱ्या व आपापल्या नावाने ते विकणाऱ्या कंपन्या निराळ्या; आसूस, गिगाबाइट, एमएसआय, झोटॅक, सफायर ही त्यांपैकी काही परिचित नावे होत. त्यांच्यानंतर आयातदार, घाऊक वितरक व अखेर दुकानदार येतो. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या खोक्यावर ठळक नाव कार्डनिर्मात्याचे असले, तरी त्याची किंमत, पुरवठा व बाजारात येण्याचा दिवस या गोष्टी बव्हंशी प्रक्रियक पुरविणारी कंपनीच ठरविते. १९९०–२००० या दशकात प्रक्रियक बनविणाऱ्या अनेक कंपन्या होत्या. २००६ नंतर एनव्हिडिया व एएमडी या दोनच उरल्या आणि २०२२ मध्ये इंटेल ही तिसरी कंपनी स्वतंत्र कार्डांच्या बाजारात उतरली. (इंटेलचा १९९८ मधील पहिला प्रयत्न फसला होता.) पुरवठादार दोन आणि त्यांच्यावर विसंबणारे कार्डनिर्माते अनेक, अशी स्थिती असल्यावर करारातील अटी कोणाच्या सोयीने लिहिल्या जाणार, हे सांगावयास नको.

प्रारंभीची स्पर्धा : एनव्हिडियाची स्थापना १९९३ मध्ये जेन्सन ह्वांग, क्रिस मॅलाकॉव्स्की व कर्टिस प्रीम यांनी कॅलिफोर्नियात केली. तिच्या आधी, १९८५ मध्ये, कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात एटीआय ही कंपनी निघाली होती. परंतु त्रिमितीय खेळांचा बाजार प्रथम काबीज केला तो १९९४ मध्ये निघालेल्या थ्रीडीएफएक्स या कंपनीने. १९९६ मधील तिचा ‘वूडू’ प्रक्रियक इतका सरस होता, की केवळ त्रिमितीय चित्रांसाठी तो वेगळ्या पत्रावर घेण्यास लोक तयार झाले. हा प्रक्रियक ती अनेक कार्डनिर्मात्यांना विकत असे. १९९८ च्या अखेरीस तिने एसटीबी सिस्टिम्स ही कार्डनिर्माती कंपनीच खरेदी करण्याचे ठरविले व यापुढे आपली कार्डे आपणच बनवावयाची असे धोरण स्वीकारले. कालपर्यंतचे गिऱ्हाईक असलेले कार्डनिर्माते त्यामुळे एका दिवसात प्रतिस्पर्धी बनले आणि साहजिकच एनव्हिडियाकडे वळले. नवा प्रक्रियक वेळेवर तयार करणेही थ्रीडीएफएक्सला जमले नाही. तिने सप्टेंबर १९९८ मध्ये एनव्हिडियाविरुद्ध एकस्वभंगाचा दावा लावला होता; एनव्हिडियाने २००० मध्ये प्रतिदावा केला. डिसेंबर २००० मध्ये एनव्हिडियाने तिची एकस्वे व अन्य प्रमुख मालमत्ता घेण्याचा करार केला, तेव्हा दोन्ही दावे संपुष्टात आले. थ्रीडीएफएक्स २००२ मध्ये दिवाळखोर ठरली. मालमत्ता कमी किमतीत गेली, असे म्हणत तिच्या दिवाळखोरीतील विश्वस्ताने एनव्हिडियावर गुदरलेल्या दाव्याचा निकाल २००८ मध्ये एनव्हिडियाच्या बाजूने लागला.

थ्रीडीएफएक्सच्या पतनाची चर्चा बहुधा तंत्रविद्येच्या अंगाने केली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कार्डनिर्मात्यांना दुखविणारी कंपनी बुडू शकते ती त्यांना जावयास दुसरे दार असेल तेव्हाच. १९९९ मध्ये ते होते. पुढे २०२२ मध्ये ईव्हीजीए या अमेरिकी कार्डनिर्मातीने एनव्हिडियाशी संबंध तोडले, तेव्हा धक्का बसला तो ईव्हीजीएला. एनव्हिडियाच्या विक्रीवर त्याचा काही परिणाम जाणवला नाही.

वेगमापन व त्यातील लबाडी : कार्ड विकत घेणाऱ्यास त्याची शक्ती डोळ्यांनी पाहता येत नाही. नियतकालिके व परीक्षणसंस्था ठरावीक खेळ किंवा खास चाचणी-आज्ञावली चालवून सेकंदाला किती चित्रे निघतात ते मोजतात व त्या आकड्यावर विक्री अवलंबून असते. कार्ड व संगणक यांची सांगड घालणाऱ्या आज्ञावलीस ‘ड्रायव्हर’ म्हणतात. ती प्रक्रियक बनविणारी कंपनीच लिहिते आणि समोर कोणती आज्ञावली चालू आहे हे तिला ओळखता येते. परीक्षा घेणाऱ्याचे पाऊल वाजताच शिस्तीने बसणाऱ्या वर्गासारखे वर्तन करणे तिला त्यामुळे शक्य होते.

ऑक्टोबर २००१ मध्ये एटीआयच्या ‘रेडिऑन ८५००’ या कार्डाबाबत असा प्रकार प्रथम गाजला. ‘क्वेक ३’ हा त्या काळी चाचणीसाठी सर्रास वापरला जाणारा खेळ होता. ‘हार्डओसीपी’ या अमेरिकी परीक्षणसंस्थेने खेळाच्या धारिकेतील ‘क्वेक’ हे नाव बदलून ‘क्वॅक’ असे केले. एका स्वराच्या या फरकाने कार्डाचा वेग लक्षणीय प्रमाणात घसरला. ड्रायव्हर खेळाचे नाव वाचून पृष्ठांवरील चित्रांचा दर्जा गुपचूप उतरवीत होता आणि त्यातून वेग वाढवीत होता, हे उघड झाले. एटीआयने नंतरच्या ड्रायव्हरमध्ये दर्जा पूर्ववत केला आणि तरीही वेग जवळजवळ तोच राहिला. म्हणजे लबाडीची गरजच नव्हती. ती केली गेली ती परीक्षणाचा दिवस गाठण्याच्या घाईत, असे म्हणावे लागते.

दुसरे प्रकरण अधिक गंभीर होते. फिनलंडमधील फ्यूचरमार्क या संस्थेने फेब्रुवारी २००३ मध्ये ‘थ्रीडीमार्क०३’ ही चाचणी प्रसिद्ध केली. एनव्हिडिया तत्पूर्वीच संस्थेच्या सहकार्य-योजनेतून बाहेर पडली होती व चाचणी प्रत्यक्ष खेळांशी जुळत नाही असे सांगत होती. मे २००३ मध्ये फ्यूचरमार्कने तपासणीचा अहवाल प्रकाशित केला. चाचणीतील दृश्ये ठरलेल्या मार्गाने जाणाऱ्या कॅमेऱ्यातून दिसतात. तेव्हा कॅमेरा कोठे पाहणार नाही हे आधीच माहीत असल्याने एनव्हिडियाचा ड्रायव्हर तो भाग काढण्याचे टाळीत असे. रंगमंचावरील घराला प्रेक्षकांच्या बाजूचीच भिंत असते, तसा हा प्रकार होता. कॅमेरा मार्गावरून हलविताच आकाशाचे तुकडे नाहीसे झालेले दिसत. या युक्त्या निष्प्रभ करणारी सुधारित आवृत्ती वापरल्यावर ‘जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा’ या कार्डाचे गुण २४.१ टक्क्यांनी कमी झाले. एटीआयचे गुणही घटले, पण १.९ टक्केच, तिने आपल्या ड्रायव्हरमध्ये चाचणी ओळखणारा भाग असल्याचे मान्य करून तो काढून टाकण्याचे कबूल केले. जूनच्या आरंभी मात्र फ्यूचरमार्क व एनव्हिडिया यांनी संयुक्त निवेदन काढले. त्यात ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेऊन ‘विशिष्ट आज्ञावलीसाठी केलेले अनुकूलन’ असा शब्दप्रयोग योजण्यात आला. अहवालातील आकडे तेच राहिले; नाव तेवढे बदलले. विशिष्ट खेळासाठी ड्रायव्हर सुधारणे ही आज सर्वमान्य प्रथा आहे. चित्र तेच ठेवून वेग वाढविणे वैध व चित्र उणे करून वेग दाखविणे अवैध, अशी सीमारेषा परीक्षकांनी आखली ती या दोन प्रकरणांनंतर.

किंमती व संगनमताचा आरोप : एएमडीने २००६ मध्ये एटीआय कंपनी सु. ५.४ अब्ज डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय विभागाने एएमडी व एनव्हिडिया यांच्याकडून कागदपत्रे मागविली. दोन्ही कंपन्यांनी आपापसांत किंमती व नव्या मालाच्या तारखा ठरविल्याचा संशय होता. पाठोपाठ ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावे दाखल झाले. कॅलिफोर्नियातील न्यायालयापुढे आलेल्या पत्रव्यवहारात, आपण स्पर्धक असलो तरी या मालाची बाजारातील प्रतिष्ठा राखणे हे आपले समान हित आहे, अशा आशयाचा मजकूर एनव्हिडियाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने एटीआयच्या अधिकाऱ्यास लिहिलेला आढळला. सप्टेंबर २००८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी दोष मान्य न करता तडजोड केली. तिची रक्कम एकूण सु. १७ लाख डॉलर, म्हणजे या धंद्याच्या मानाने किरकोळ होती. न्याय विभागाने पुढील महिन्यात कारवाई न करता चौकशी बंद केली.

संगनमत सिद्ध झाले नाही, हे खरे. पण दोन विक्रेत्यांच्या बाजारात खरी स्पर्धा पेटली म्हणजे काय होते, याचे उदाहरण त्याच वर्षी मिळाले. जून २००८ मध्ये एनव्हिडियाने ‘जीटीएक्स २८०’ हे कार्ड ६४९ डॉलरना आणले. काही दिवसांतच एएमडीने शक्तीने त्याच्या जवळपास जाणारे ‘एचडी ४८७०’ हे कार्ड २९९ डॉलरना विक्रीस काढले. एनव्हिडियाला जुलैमध्ये आपली किंमत ४९९ डॉलरवर आणावी लागली आणि आधी खरेदी केलेल्या ग्राहकांना काही कार्डनिर्मात्यांनी फरकाची रक्कम परत केली. एका महिन्यात १५० डॉलर उतरू शकतात, तर मूळ किंमतीत नफ्याचा भाग किती होता याचा हिशेब ग्राहकांनी केला असल्यास नवल नाही.

नाव एक, वस्तू दुसरी : जुन्या प्रक्रियकास नवे नाव देऊन तो नव्या पिढीचा म्हणून विकण्याची रीत दोन्ही कंपन्यांनी अनुसरली. एनव्हिडियाचे ‘९८०० जीटीएक्स प्लस’ २००९ मध्ये ‘जीटीएस २५०’ झाले. एएमडीचे ‘एचडी ७९७०’ २०१३ मध्ये ‘आर९ २८०एक्स’ या नावाने पुन्हा अवतरले. याला कायद्याने फसवणूक म्हणता येत नाही, मात्र मोठा आकडा म्हणजे नवी वस्तू असे समजणारा खरेदीदार त्यात हमखास फसतो.

‘जीटीएक्स ९७०’ चे प्रकरण याहून पुढचे होते. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या या कार्डावर ४ गिगाबाइट स्मृती असल्याचे जाहीर झाले होते. ती होतीही, तथापि तिच्यातील शेवटचा अर्धा गिगाबाइट भाग उरलेल्या साडेतीन गिगाबाइटांच्या मानाने फारच मंद होता. स्मृती भरत आली की खेळ अडखळतो, अशा तक्रारी वापरणाऱ्यांनी केल्या आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीला खुलासा करावा लागला. चित्रबिंदू पडद्यावर पाठविणारे घटक ६४ सांगितले होते, ते ५६ निघाले. जलद स्मृती २ ऐवजी १.७५ मेगाबाइट निघाली. अभियंत्यांकडून विक्री विभागाकडे चुकीची माहिती गेली, असे कारण देण्यात आले. २०१६ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याचे ठरले. परंतु ही तडजोड अमेरिकेतील खरेदीदारांपुरती होती. तेच कार्ड त्याच खोक्यात पुण्यात किंवा नागपुरात विकत घेतलेल्या ग्राहकाचा तिच्यात समावेश नव्हता.

नावाचाच आणखी एक वाद सप्टेंबर २०२२ मध्ये उद्भवला. एनव्हिडियाने ‘आरटीएक्स ४०८०’ या एकाच नावाची दोन कार्डे जाहीर केली; त्यांतील १२ गिगाबाइटांच्या कार्डातील प्रक्रियक १६ गिगाबाइटांच्या कार्डाहून वेगळा व कमकुवत होता. टीका वाढताच ऑक्टोबरमध्ये कंपनीने ते मागे घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये ‘४०७० टीआय’ या नावाने, शंभर डॉलर कमी किंमतीत, ते विक्रीस ठेवले.

कार्डनिर्मात्यांवरील बंधने : मार्च २०१८ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स पार्टनर प्रोग्रॅम’ ही योजना मांडली. तीत सामील होणाऱ्या कार्डनिर्मात्याने खेळांसाठीची आपली प्रसिद्ध नाममुद्रा केवळ एनव्हिडियाच्या प्रक्रियकांसाठी राखून ठेवावी, अशी अट असल्याचे वर उल्लेखिलेल्या ‘हार्डओसीपी’चे संपादक काइल बेनेट यांनी प्रसिद्ध केले. नाममुद्रा ही कार्डनिर्मात्याने स्वतःच्या पैशाने वाढविलेली मालमत्ता असते. वर्षानुवर्षे जाहिरात करून नावारूपाला आणलेल्या नावावर पुरवठादाराने हक्क सांगावा, हा त्यातील मुद्दा होता. सामील न होणाऱ्यास माल मिळण्यात अडचण येईल अशी भीती व्यक्त झाली; ग्राहकाला कोणता प्रक्रियक आहे ते स्पष्ट कळावे एवढाच हेतू असल्याचे एनव्हिडियाने सांगितले. एप्रिलमध्ये आसूसने एएमडीच्या प्रक्रियकांवर आधारलेल्या कार्डांसाठी ‘एरेझ’ हे निराळे नाव काढले, तेव्हा योजनेचा परिणाम दृष्टीस पडला. ४ मे २०१८ रोजी एनव्हिडियाने योजना रद्द केली. कोणत्याही न्यायालयाने वा नियामकाने निर्णय देण्यापूर्वी, केवळ वृत्तप्रसिद्धीमुळे मागे घेतलेल्या व्यापारी योजनांत हिची गणना करावी लागेल.

सप्टेंबर २०२२ मध्ये ईव्हीजीएने कार्डांचा धंदा सोडला. नव्या प्रक्रियकाची किंमत तो जगापुढे जाहीर होईपर्यंत कळत नाही, शिवाय एनव्हिडिया स्वतःची कार्डे काढून आपल्याच गिऱ्हाइकांशी स्पर्धा करते, या तिच्या मुख्य तक्रारी होत्या. उत्पन्नाचा मोठा भाग ज्या मालावर अवलंबून होता तोच तिने सोडून दिला आणि एएमडी किंवा इंटेल यांचा मालही घेतला नाही.

आज्ञावलीचे कुंपण : वरील वाद खरेदीविक्रीचे होते. एनव्हिडियाच्या आजच्या स्थानाचे मूळ मात्र आज्ञावलीत आहे. २००६ मध्ये तिने ‘कूडा’ ही प्रणाली जाहीर केली. तीमुळे चित्रांखेरीज इतर आकडेमोडीसाठी आलेखिकी प्रक्रियक वापरता येऊ लागला. ही प्रणाली विनामूल्य दिली जाते; पण ती एनव्हिडियाच्याच प्रक्रियकांवर चालते. वैज्ञानिकांनी व विद्यार्थ्यांनी तिच्यात लिहिलेल्या आज्ञावलींचा साठा वाढत गेला, तसतसे दुसऱ्या कंपनीचा प्रक्रियक घेणे म्हणजे ते लेखन पुन्हा करणे असे समीकरण झाले. सर्व कंपन्यांना खुली असलेली ‘ओपनसीएल’ ही प्रणाली २००८ पासून उपलब्ध आहे, एएमडीनेही स्वतःची प्रणाली काढली. परंतु आधी रुळलेली वाट लोक सोडत नाहीत.

हे कुंपण कधीकधी कराराच्या शब्दांनीही घातले गेले. भौतिकीय हालचालींचे चित्रण करणारी ‘फिजएक्स’ ही आज्ञावली एनव्हिडियाने २००८ मध्ये विकत घेतली व पुढील वर्षी, संगणकात दुसऱ्या कंपनीचे कार्ड असल्यास ती बंद पडेल अशी व्यवस्था ड्रायव्हरमध्ये केली. २०१७ च्या अखेरीस ड्रायव्हरच्या परवान्यात बदल करून खेळांसाठीची स्वस्त कार्डे दत्तकेंद्रात वापरण्यास मनाई करण्यात आली. अपवाद होता तो आभासी चलनाच्या गणनेचा. विद्यापीठातील संशोधकास जे वर्ज्य, ते चलन ‘खणणाऱ्या’स खुले, असा हा विचित्र भेद होता.

आभासी चलन व टंचाई : ईथरसारख्या आभासी चलनांची निर्मिती ग्राफिक्स कार्डांवर केली जाई. २०१७-१८ मध्ये व पुन्हा २०२०–२२ या काळात या व्यवसायाने कार्डे शेकड्यांनी उचलली. दुसऱ्या वेळी करोना साथीने विस्कळित झालेल्या पुरवठ्याची त्यात भर पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने ‘आरटीएक्स ३०६०’ या कार्डावर चलनगणनेचा वेग निम्मा करणारे बंधन घातले. पुढच्याच महिन्यात तिने स्वतः प्रसृत केलेल्या एका चाचणी-ड्रायव्हरमुळे ते उठले. २०१८ आर्थिक वर्षात खेळांच्या कार्डांच्या विक्रीतील वाढ बऱ्याच अंशी चलनगणनेमुळे होती, ही गोष्ट भागधारकांना पुरेशी सांगितली नाही म्हणून अमेरिकेच्या रोखे आयोगाने मे २०२२ मध्ये एनव्हिडियाकडून ५५ लाख डॉलर दंड घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये ईथरची गणनपद्धती बदलली व ही मागणी ओसरली.

पुणे व ग्राफिक्स कार्ड : या साखळीची दोन्ही टोके पुणे शहरात आढळतात. एनव्हिडियाचे विकसन-केंद्र येथे असून त्यात स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेले अनेक अभियंते काम करतात. दुसरे टोक बाजारपेठेचे. बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही विद्युत् व इलेक्ट्रॉनीय वस्तूंची जुनी पेठ प्रसिद्धच आहे. शहरात सुटे भाग निवडून संगणक जुळवून देणारे दुकानदार पुष्कळ आहेत. त्यांचे गिऱ्हाईक केवळ खेळणारे नसते. वास्तुशिल्पी, मोटारींचे आराखडे काढणारे अभियंते, सचेतपटांचे विद्यार्थी यांचीही गरज तीच असते. मधला दुवा, म्हणजे प्रक्रियक घडविणारा कारखाना, येथे नाही. त्यामुळे तैवानात पुरवठा आखडला किंवा डॉलर महागला, की त्याचा भार पुण्यातील खरेदीदारावर पडतो. २०२१ च्या टंचाईत जाहीर किंमत व दुकानातील किंमत यांचा मेळ उरला नव्हता. कार्ड हवे असल्यास त्याच्याबरोबर न खपणारी इतर सामग्रीही घ्या, असा आग्रह धरणारे विक्रेते आढळत. शिधावाटपाच्या दिवसांत ज्यांनी वाण्याकडून माल घेतला आहे त्यांना ही रीत नवी वाटणार नाही.

शहराचा या विषयाशी आणखी एक, अधिक जुना संबंध आहे. १९८०–९० या दशकात अमेरिकेने भारताला हवा असलेला क्रे महासंगणक देण्याचे नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. एकच बलाढ्य प्रक्रियक मिळत नसेल, तर बाजारात मिळणारे अनेक साधे प्रक्रियक समांतर जोडावे, ही त्यामागील कल्पना. त्यासाठी ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ‘ट्रान्सप्यूटर’ वापरले होते. आलेखिकी प्रक्रियकाचेही तत्त्व समांतर गणनाचेच आहे, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे. पुढे याच केंद्रातील ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पाचशे अग्रगण्य महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला व ‘ऐरावत’ हा जून २०२३ मध्ये ७५ वा आला. ‘परम सिद्धी-एआय’ एनव्हिडियाच्या ‘ए१००’ प्रक्रियकांवर आधारलेला आहे. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्यांकडून येणारे संकेत जुळविण्यासाठी, दुर्बिणीच्या अलीकडील सुधारणेत, त्याच कंपनीचे प्रक्रियक योजले आहेत. ही निवड तांत्रिक दृष्ट्या योग्यच होती. आवश्यक त्या आज्ञावली ‘कूडा’वर तयार होत्या. तथापि ज्या परावलंबनातून सुटण्यासाठी पुण्यात हे केंद्र निघाले, त्याचे स्वरूप बदलले एवढेच, असे मत व्यक्त केले जाते व ते निराधार नाही. एका देशाच्या शासनाऐवजी आता एक कंपनी आणि तिच्या पाठीमागे पुन्हा तेच शासन उभे आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने प्रगत प्रक्रियकांच्या निर्यातीसाठी देशांची प्रतवारी लावणारा नियम जाहीर केला. निर्बंधांतून मोकळ्या ठेवलेल्या १८ देशांत भारत नव्हता. नियम अंमलात येण्यापूर्वीच, मे २०२५ मध्ये, नव्या प्रशासनाने तो मागे घेतला.

कायदा व नियमन : भारतात १९६९ च्या मक्तेदारी व प्रतिबंधक व्यापारप्रथा अधिनियमाची जागा २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने घेतली. संगनमताचे करार आणि बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर ही दोन्ही या अधिनियमाखाली येतात. ग्राफिक्स कार्डांच्या निकटचे प्रकरण म्हणजे इंटेलच्या प्रक्रियकांचे. भारतातील अधिकृत वितरकाकडून घेतलेल्या मालालाच येथे हमी देण्याचे धोरण या कंपनीने २०१६ मध्ये स्वीकारले. परदेशातून रीतसर आणलेला तोच माल हमीस मुकला. आलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. ग्राफिक्स कार्ड परदेशातून नातेवाइकांकरवी मागविणाऱ्या कुटुंबांना हमीचा हा प्रश्न नेहमीच भेडसावतो. कित्येक कार्डनिर्मात्यांची हमी विक्रीच्या देशापुरतीच असते.

वस्तूच्या वर्णनातील खोटेपणाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियमाने (१९८६, सुधारित २०१९) मोकळा केला. त्यामागील चळवळीचा एक उगम पुण्यातच आहे : बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये येथे ग्राहक पंचायतीची स्थापना केली. वजनमापे व भेसळ यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या चळवळीची साधने अर्धा गिगाबाइट मंद स्मृतीचा तंटा सोडविण्यास कितपत पुरतात, हा प्रश्नच आहे. तूप भेसळीचे आहे की नाही हे प्रयोगशाळेत ठरते. कार्डातील दोष उघड करण्यास लागणारे ज्ञान बहुधा ते बनविणाऱ्याकडेच असते. ‘क्वेक’, ‘थ्रीडीमार्क’ व ‘९७०’ या तिन्ही प्रकरणांत दोष उघडकीस आणला तो परीक्षकांनी व वापरणाऱ्यांनी, एकाही शासकीय यंत्रणेने नव्हे.

अन्य देशांत नियामकांचे लक्ष आता खेळांच्या कार्डांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रक्रियकांकडे वळले आहे. ब्रिटनमधील आर्म ही अभिकल्पकंपनी ४० अब्ज डॉलरना घेण्याचा एनव्हिडियाचा २०२० मधील बेत, अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दावा लावल्यानंतर, फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडून देण्यात आला. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये या क्षेत्राबाबत झडती घेतली. चीनच्या बाजार-नियामकाने एनव्हिडियाच्या मेलानॉक्स या कंपनीच्या खरेदीसंबंधी (२०२०) डिसेंबर २०२४ मध्ये चौकशी सुरू केली व सप्टेंबर २०२५ मध्ये कायद्याचा भंग झाल्याचा प्राथमिक निष्कर्ष काढला. त्याच महिन्यात एनव्हिडियाने इंटेल या आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या भागांत ५ अब्ज डॉलर गुंतविण्याचे जाहीर केले. २०११ मध्ये परवान्यांच्या वादातून याच इंटेलने एनव्हिडियाला दीड अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले होते.